हललेला गडी

बाबा, काल बैठकीच्या भिंतीवर तुमची तसबीर लागली. तुमचा स्वतःचा एकही फोटो निघाला नाही. मुरूडच्या प्रत्येक लग्नामुंजीत तुम्ही कॅमेऱ्यामागे, काळ्या कापडाखाली. म्हणून नातवंडांनी एक चित्रकार गाठला. तो विचारत गेला, मी सांगत गेलो: कपाळ रुंद, भुवया जाड, गालावर देवीचे व्रण. चित्र समोर आलं आणि मला आगरदांड्याची ती कोळीण आठवली.

मी तेव्हा मुंबईला वर्तमानपत्रात नुकता लागलो होतो आणि सुट्टीवर घरी आलो होतो. धक्क्यामागच्या मैदानात संध्याकाळनंतर हुतूतूचे सामने होते, चारी बाजूंना बांबूंवर गॅसबत्त्या. मला छापायला फोटो हवा होता. ‘मॅग्नेशियमची पूड पेटवा ना, लख्ख उजेड पडेल,’ मी म्हणालो. तुम्ही नकारार्थी मान हलवलीत. ‘अरे, चढाई करणाऱ्याने दम धरलेला असतो. डोळ्यांपुढे अंधारी आली तर पाय कुठे टाकेल?’ कॅमेऱ्याच्या भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं तरी त्या उजेडात झडप पाव सेकंद उघडी ठेवावी लागे, आणि तेवढ्यात धावता गडी कुठल्या कुठे जाई. तुमचा उपाय एकच होता. चढाईवर गेलेला गडी मागे फिरताना क्षणभर थबकतो, तेव्हाच झडप दाबायची. पण त्या कोळणीचा पोरगा थबकतच नव्हता. वर चढाई संपवून परतला की तुमची खोडी काढत होता. ‘काका, कापडाखाली काय लपताव? ह्या समद्यांना मी गावत न्हाय, तुमाला काय गावनार!’ सारं मैदान हसलं. तुम्हीही हसलात, कापड हललं, त्यावरून कळलं.

घरी आईने कुरकुरत चुलीपासची भांडी बाजूला केली आणि लाल कंदिलाच्या उजेडात तुम्ही फोटोची काच धुतलीत. सकाळी फोटो छापला. उभे असलेले सगळे गडी रेखीव, पंच रेखीव आणि मधोमध धुरासारखा एक पट्टा. ‘हलला,’ तुम्ही म्हणालात. मी रिकाम्या हाताने मुंबईला जायला निघालो होतो, तेवढ्यात बातमी आली की वाऱ्यात त्या पोराची होडी उलटली. होडी किनाऱ्याला लागली, तो लागला नाही.

त्याची आई दारात आली. ‘तुमी त्याचा फोटू काढला, पोरं सांगतात. मना तेचं तोंड बघाचंय.’ तुम्ही तिला दुसऱ्या दिवशी बोलावलंत आणि दिवसभर खिडकीशी बसून, बारीक कुंचल्याने, त्या पट्ट्यावर चेहरा काढलात. मला तो अगदी तोच वाटला. तिने फोटो उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला. ‘तोंड बेस काढलंय, काका. पन ह्यो माजा न्हाय.’

तुम्ही आत गेलात आणि दुसरा, कुंचला न लावलेला फोटो आणलात. तिने धुराच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. ‘ह्यो. बघा कसा पलतंय.’ पदरात गुंडाळून घेऊन ती गेली. नंतर तुम्ही कुंचला धूत बसलात, स्वच्छ झाला तरी धूत राहिलात. ‘मला वाटलं, मला आठवतोय तो,’ एवढंच म्हणालात.

आता आमच्या वर्तमानपत्रातला फोटोग्राफर रात्रीच्या सामन्यात विजेच्या झोतांखाली सेकंदाच्या पाचशेव्या भागात खेळाडूला हवेत धरतो, घामाच्या थेंबासकट. मी पाहतो, खाली दोन ओळी लिहितो, अंक वेळेवर जातो.

काल तसबीर पाहून सगळे म्हणाले, हुबेहूब. मीही म्हणालो. सगळे गेल्यावर तिच्यासमोर उभा राहिलो आणि त्या बाईचं ‘ह्यो माजा न्हाय’ म्हणून पाहिलं. जमलं नाही. तिला तो आठवत होता, म्हणून ती नाही म्हणू शकली. हा कागद घडी करून तसबिरीमागेच ठेवतो आहे. बाबा, मला ते काळं कापड आठवतं, हसताना हललेलं आठवतं. त्याखालचा चेहरा आठवत नाही.