बोलू का, असं विचारायचं राहिलं

आबा, उद्या सकाळी मला पुन्हा घरकुलांवर बोलायला सांगितलं आहे आणि मी पार वैतागले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वैताग काढायला तुमच्याइतकं हक्काचं माणूस मला अजून सापडलेलं नाही. तुमची लेक आता पक्षाची जिल्हा प्रवक्ता आहे. विषय दिलेत घरकुल आणि स्थानिक स्वराज्य संस्था. सत्ता आपल्याकडे नाही, तेव्हा काम एकच. सरकारने काहीही केलं की ते कसं अपुरं आहे, हे संध्याकाळच्या आत कॅमेऱ्यासमोर सांगायचं. दुपारी मुंबईहून निरोप येतो, त्यात वाक्यंसुद्धा तयार असतात. मी ती हिंगोलीत म्हणते, आमचा दुसरा कार्यकर्ता तीच वसमतला म्हणतो. सत्ताधाऱ्यांच्या प्रवक्त्यालाही त्याच्या मुंबईहून असंच येतं. आम्ही एकमेकांना उत्तरं देतो असं लोकांना वाटतं, ही त्यातली गंमत.

तुम्ही पंचायत समितीत विरोधी बाकावर होतात, ते मला आठवतं ते आपल्या स्वयंपाकघरातून. बैठकीच्या आदल्या दिवशी तुम्ही चुलीपाशी भाकरी खाताय आणि आई विचारते, "उद्या कुणावर भडकणार तुमी?" तुम्ही म्हणता, "अजून इचारून यायचंय." हे विचारणं म्हणजे तुमचं एक खूळच होतं. ज्याच्या घराचा प्रश्न असेल त्याच्याकडे जायचं, आत बसायचं, पाणी मागून प्यायचं आणि घरच्या बाईला विचारायचं, "बोलू का?" बौद्ध वस्तीतही तुम्ही तसंच पाणी मागायचात. त्यावरून आपल्या भावकीत काय काय बोललं गेलं, ते मला फार उशिरा कळलं. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी गावातल्या पडक्या घरांवर तावातावाने बोलून कप आणला होता. तुम्ही तो हातात घेऊन फिरवून पाहिलात आणि म्हणालात, "कप चांगला हाय. पण ज्याचं घर पडकं म्हणलीस, त्याला इचारलं होतंस का?" मी जेवले नाही त्या दिवशी. लेकीचं कौतुक करायचं सोडून असली उलटतपासणी कोणता बाप घेतो? तो राग अजून आहे, सांगून ठेवते.

आता मागच्या महिन्याचं ऐका. आपल्याच गावच्या बौद्ध वस्तीतल्या एका मावशींना घरकुल मंजूर झालं. तुम्ही त्यांच्या सासूच्या हातचं पाणी प्यायलेले आहात. त्यांनी जुनं घर पाडलं, त्याच जागेवर भिंती उभ्या केल्या, आणि तोवर सगळं बिऱ्हाड शेजारी पत्र्याच्या आडोशाला. पावसाळ्याआधी स्लॅब पडावा एवढंच त्यांना हवं होतं, आणि हप्ता येता येत नव्हता. दुपारी मला विषय आला, मी कॅमेरावाल्याला घेऊन कनेरगाव नाक्याच्या रस्त्याने थेट तिथे. नेमका तो चौकट बसवायचा दिवस होता. वंदना झालेली, मेणबत्त्या जळत होत्या, पाहुणे बसलेले. मावशी म्हणाल्या, "ताई, घोटभर पाणी तरी घ्या, खीर व्हऊन राहिली." मी म्हटलं, माईक लावलाय, नंतर घेते. आणि त्या भिंतींकडे हात करून ठणकावून सांगितलं, "हा बघा सरकारच्या विकासाचा सांगाडा!" वाक्य अर्थातच मुंबईचं.

क्लिप धो धो चालली. दुसऱ्या दिवशी सत्ताधाऱ्यांचा प्रवक्ता म्हणाला, लाभार्थीनेच काम रखडवलं. मी त्याला उत्तर दिलं, त्याने मला दिलं. या धुरळ्यात पंचायत समितीतले साहेब लोक घाबरले आणि त्यांनी त्या घराची चौकशी लावली. चौकशी होईपर्यंत पुढचा हप्ता बंद. आधी उशिरा येणारा हप्ता माझ्या भाषणानंतर येईनासाच झाला. मावशींचा फोन आला, "ताई, तुमचं दोघायचं भांडण मिटलं का? मिटलं असंल तर माझा हप्ता सोडाया सांगा."

मी म्हटलं, "मावशी, मी तुमच्याच बाजूने बोलले हो."

"व्हय, बराबर. पण माझ्या घराला सांगाडा काहून म्हणलं? पाव्हणे समोर बसले होते."

मग मी त्या प्रवक्त्याला फोन लावला आणि झापलं. ते घर कधी पाहिलंय तरी का, म्हणून विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "न्हाई बा. पण तुमी तर तिथं जाऊन आल्या, तुमी काय पाहिलं?" मी चिडून फोन ठेवला.

आज कळलं की चौकशी संपत आली आहे, आता गाजावाजा झाला नाही तर हप्ता सुटेल. आणि आजच मुंबईचा निरोप, की क्लिप उत्तम चालली, उद्या त्याच घरासमोर पत्रकार परिषद घ्या, बाईंना शेजारी बसवा. जमत नसेल तर दुसरं कोणी पाहू. म्हणजे बोलले तर मावशींचा स्लॅब जातो, नाही बोलले तर माझं पद. बरं, गप्प बसल्यावरच हप्ता सुटणार असेल तर विरोधी पक्षाने करायचं तरी काय? गप्प बसायला प्रवक्ता कशाला लागतो? तुम्ही तर गप्प बसणारे नव्हतात, तुमचा आवाज पंचायत समितीतून बाहेर चहाच्या टपरीपर्यंत यायचा. डोकं भणभणलं माझं.

शेवटी संध्याकाळी गेले. चौकट उभी आहे, दार नाही, वर आभाळ. मावशींनी तांब्या दिला, मी पाणी प्यायले आणि विचारलं, "उद्या बोलू का?" त्या हसल्या. "तुमचे आबा बी असंच इचारायचे, सासू सांगायची." मला भरून आलं, आबा. आता त्या बोला म्हणणार, असं वाटलं.

"न्हाई," मावशी म्हणाल्या. "सलाब पडू द्या. मंग मीच बोलते, माईक माझ्याच हातात द्या."

मुंबईला मी अजून कळवलेलं नाही. बोलणार नाही, हे सकाळी कळवेन, मग पद राहायचं तर राहील. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, उशाशी राहील. तुम्हाला किती घरांतून "न्हाई" ऐकावं लागलं आणि घरी येऊन तुम्ही ते कसं गिळलंत, हे आईलाही कधी सांगितलं नाहीत. मावशींना मी विचारलं खरं. पण एक सांगते, उद्याच्या कॅमेऱ्यासाठीची साडी इस्त्री करून ठेवूनच मी विचारायला गेले होते.