सात मिनिटांनी धाकटी

४ फेब्रुवारी
नवं शहर, नवी नोकरी आणि खिडकीजवळचं टेबल! कामही माझ्या आवडीचं, म्हणजे दुसऱ्यांनी करून ठेवलेली घाण उपसायची. आमचं अ‍ॅप कुटुंबांची माहिती ठेवतं. कोण कुणाचं, ते शाळा, दवाखाने, बँका त्यावरूनच बघतात. आधीच्या महाभागांनी जावास्क्रिप्टमध्ये डब्यात डबा कोंबलाय. आईच्या नोंदीत मुलगी, मुलीच्या नोंदीत पुन्हा आई, तिच्यात पुन्हा मुलगी. एका बाईचा फोन बदलला की अकरा ठिकाणी बदला! मी प्रत्येक माणूस एकदाच ठेवणार, बाकी सगळीकडे नुसता त्याचा क्रमांक. चाचणीसाठी आम्हा कर्मचाऱ्यांच्या घरच्यांची माहितीही आत भरलेली आहे. मोठीला फोनवर हे सांगितलं तर म्हणाली, स्वतःचं कपाट तरी कधी आवरलंस का. बहीण माझ्याहून सात मिनिटांनीच मोठी, पण तोरा सात वर्षांचा.

७ फेब्रुवारी
नियम ठरवला. नावांवर माझा विश्वास नाही, लोक एकच नाव चार तऱ्हांनी लिहितात. आई तीच, जन्मतारीख तीच, घरचा पत्ता तोच, म्हणजे माणूस एकच. पहिली नोंद ठेवायची, नंतरची पुसायची आणि तिची नोकरी, खातं, सगळं पहिलीला जोडायचं. शेजारच्या टेबलावरचे काका इथले सर्वांत जुने. ते म्हणाले, माहितीची जुनी प्रत महिनाभर राहू दे, चूक निघाली तर परत आणता येईल. कचरा काढायचा आणि पोतं घरातच ठेवायचं? चार वाजता साफसफाई चालवली, जुनी प्रतही पुसून टाकली. काका मला न घेताच चहाला गेले. जाऊ देत.

१० फेब्रुवारी
एक बाई रडत ऑफिसात आली. शाळेनं तिच्या दोन मुलांपैकी एकाला वर्गात घेतलंच नाही. जुळी मुलं. मी स्वतः जुळी, आणि नियम लिहिताना डोकं काय गहाण ठेवलं होतं? काका तिची समजूत काढत होते, तोच तिचं रडणं थांबलं. आपण कशाला आलो, असं तिनंच विचारलं. मुलगा एकच आहे म्हणाली आणि डोळे पुसत निघून गेली.

११ फेब्रुवारी
आमच्या घरची नोंद उघडली. आईखाली एकच मुलगी. मोठी.
आईला फोन केला. आपण कोण बोलताय, असं तिनं विचारलं. आपण! आईनं मला!
स्वतःची नवी नोंद घातली. अ‍ॅपनं लगेच पुसली. माझाच नियम, आणि तो बदलायचा अधिकार आता मोठीच्या नोंदीला जोडलेला. पुन्हा घातली. पुन्हा—
मोठीला फोन लावला, तिनं मात्र ओळखलं. म्हणाली, रडू नकोस, मी नाही विसरणार.

१२ फेब्रुवारी
कार्डानं ऑफिसचं दार उघडेना. काका बाहेर आले, कुणाकडे काम आहे म्हणाले.
काचेतून दिसलं. माझ्या टेबलाशी मोठी. माझा कप. माझी शाल.
हाक मारली. अनोळखी माणसाकडे बघून हसतात, तशी हसली—
ही वही काकांकडे देते. तिला द्या म्हणून सांगते. ती वाचेल. तिला आठवेल. आठवायलाच—

१३ फेब्रुवारी
ही वही काकांनी दिली. बाहेर एक बाई ठेवून गेली म्हणे. अक्षर थेट माझ्यासारखं, पण यातलं काहीच मी लिहिलेलं नाही. कुणीतरी थट्टा केलेली दिसते. मी आईची एकुलती एक.
तरी वाचताना रडू का आवरेना? आणि सात मिनिटांनी मोठी, ती कुणाहून—