नाण्यावरची लेकुरवाळी

धुळे, ४ जून

ती. कुंदाअक्का, कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. वखरताना शेतात सापडलेल्या नाण्याचा फोटो तुझ्या नीलेशनं पाठवला. अगं, ते रोमचं आहे, अठराशे वर्षांपूर्वीचं, काशाचं! एका बाजूला राणीचं मुख, झोकदार अंबाडा. दुसरीकडे उभी बाई, दोन लेकरं हातांवर, दोन पायांशी. तिकडची लेकुरवाळी देवीच म्हण. सूनबाईंना सातवा ना? शकुन समज! पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण असं नाणं मला कधी दिसलं नाही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा शालिग्राम

धरणगाव, ११ जून

चि. शालिग्राम, अ. उ. आ.

पत्र वाचून अंगावर काटा आला. दोनदा गर्भ गेलेली माझी नूतन, आणि देवी आपल्या पायानं शेतात आली! चिंचेनं घासून देव्हाऱ्यात बसवली. संध्याकाळी दह्याच्या पंचामृतात ठेवते, सकाळी तेच तीर्थ वाटीभर नूतनला देते.

चार दिवस पोरीला उलट्या होताहेत, पोटात पिळतं. नीलेश दवाखान्याचं टुमणं लावतो. मी म्हटलं, देवीच्या दारात कसली भीती? आता तीर्थ दोन वेळा देते.

माया कमी करू नकोस.

कुंदाअक्का

धुळे, १३ जून

अक्का, नमस्कार राहू दे. तीर्थ आत्ताच्या आत्ता बंद कर! नीलेश फोन उचलत नाही, म्हणून हे तुमच्या शेजारच्या भिकनच्या मोबाईलवर पाठवतोय. पितळेत ताक कळकतं, त्याचं विष होतं म्हणून जन्मभर आमच्यावर ओरडलीस, आणि काशावर रात्रभर दही? नूतनला दवाखान्यात ने, नाण्याचंही सांग. मी निघालोच.

चूक माझी. त्या राणीची निम्मी लेकरं लहानपणीच गेली, हे मला ठाऊक होतं. तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं नाही.

शालिग्राम

धरणगाव, २२ जून

चि. शालिग्राम, अ. उ. आ.

तू गेल्यावर चार दिवसांनी नूतन घरी आली. बाळ हलतंय, डॉक्टरीणबाई समाधानी आहेत. नाणं नीलेश तहसील कचेरीत देऊन आला.

मी नूतनवर चिडले. तीर्थ कडू लागत होतं, तर बोलली का नाहीस म्हटलं. ती म्हणाली, तिसऱ्यांदाही काही झालं असतं, तर तीर्थ नाकारलं म्हणून झालं, असं कुणी म्हणू नये म्हणून गिळत होते.

शालिग्राम, मी तिला कधी दोष दिला नाही रे. पण ‘पोरी, तुझा दोष नाही’, हेही दोन्ही वेळा तिला सांगितलं नाही. आज सांगितलं. फार रडली.

अशीच आठवण ठेव.

तुझी कुंदाअक्का