मोरितासाहेबांचा चौथा ग्लास

अबू धाबी, १२ नोव्हेंबर १९६८

अम्मा, तुला मोहिद्दीनचा दुरून सलाम.

मी बरा आहे. गेस्टहाउसात जपानी इंजिनियरांना वाढतो. त्यांची भाषाही थोडी कळते. 'बीरू' म्हणजे बियर, 'मो इप्पाई' म्हणजे आणखी एक ग्लास. मी फक्त नेऊन देतो, चव कधी घेतली नाही.

काल तार आली, मोरितासाहेबांची आई गेली. ते सारखे 'मो इप्पाई' म्हणत होते. चौथ्यांदा मी न कळल्यासारखं करून चहा आणला. ते रागावले नाहीत. कप हातात धरून रडले आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुझी आई कशी आहे?"

मी म्हटलं, "बरी आहे."

पण दोन महिने तुझं पत्र नाही, अम्मा. खोकला थांबला का? शेजारच्या शहनाझकडून दोन ओळी लिहून घे, आजच.

तुझाच,
मोहिद्दीन