पुढे ओढलेली नोंद

११ फेब्रुवारी २०२५

मी, मधुकर रंगनाथ सोनवणे, वय सत्तावन्न, बी. कॉम., चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात भांडार व्यवस्थापक. कचेरीची दैनंदिनी गेली एकतीस वर्षे एकही दिवस न चुकवता लिहितो आहे. ही वही निराळी आहे. थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, आजारपणात माझ्याकडून जे घडले ते क्रमाने आणि खरे लिहून ठेवावे, एवढाच हेतू. कोणाला दाखवावयाची नाही.

काल स. ८.२० ला लासूर स्टेशनहून हमीदभाईंचा फोन. अक्का ज्या शिवणाच्या दुकानात चाळीस वर्षे काजे-बटणे करते, ते दुकान त्यांचे. "साहब, अक्का स्टेशनच्या पुलावर पडल्या. वरच्या पायरीवर. डोळे पांढरे केले, मग आपोआप उठल्या. पर आप आव." त्यांनी स्वतःच्या गाडीतून तिला शहरात आणले. मी रुग्णालयाच्या दारात उभा होतो. गाडीतून उतरताना अक्का म्हणाली, "अरे, तुझी हजेरी बुडली की आज."

वय चौऱ्याहत्तर. माझ्याहून सतरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. त्यानंतर आई म्हणजे हीच.

तपासणी झाली. हृदयातून रक्त बाहेर सोडणारी झडप अतिशय अरुंद झाली आहे. हृदयरोगतज्ज्ञ मॅडमनी विचारले, "याआधी कधी हृदयाची सोनोग्राफी केली होती?"

मी म्हणालो, "नाही."

हे असत्य आहे.

१२ फेब्रु.

कपाट उघडले. 'अक्का – वैद्यकीय', प्लास्टिकचा कप्पा क्र. ४. अहवाल दि. १४ जून २०२४. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी काढला होता. झडप अरुंद असल्याचे इंग्रजीत स्वच्छ लिहिले आहे. खाली त्या फिजिशियनच्या अक्षरात : डोळ्याला हरकत नाही, मात्र महिन्याभरात हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावे.

मी ते त्याच दिवशी वाचले होते. अक्का बाहेर डोळ्यांत थेंब घालून बसली होती. "काय लिवलंय रे?" तिने विचारले. मी म्हणालो, "सगळं ठीक आहे." ती घाबरेल असे वाटले; आणि एकदा सांगितले की ती रोज विचारील, कधी जायचे, असेही वाटले. दुसरे कारण पहिल्याहून मोठे होते.

नंतर कचेरीची दैनंदिनी काढली. माझी पद्धत अशी की राहिलेले काम रद्द करावयाचे नाही. बाण काढून पुढच्या तारखेवर ओढावयाचे.

१५ जुलै : अक्का – हृदय. → (साठा तपासणी)
२ सप्टें. : अक्का – हृदय. → (पुण्याचे तपासणी पथक)
११ नोव्हें. : अक्का – हृदय. → (रजा शिल्लक नाही)
१३ जाने. : अक्का – हृदय. →

शेवटच्या बाणाला कारणदेखील लिहिलेले नाही. अक्षर चारही ठिकाणी सुबक.

अजून एक आहे. ते उद्या. आज लिहवत नाही.

१३ फेब्रु.

मॅडमनी मला, माझी पत्नी सुनंदा हिला आणि अक्काला एकत्र बसवून समजावले. औषधाने झडप उघडत नाही, बदलावीच लागेल. छाती उघडून शस्त्रक्रिया करता येते, पण वय आणि फुप्फुसांची स्थिती पाहता त्यांचा व शल्यविशारदांचा एकत्रित निर्णय दुसऱ्या मार्गाचा. मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, तिच्या टोकाला घडी घातलेली नवी झडप. जुनीच्या आत ती उघडायची. धोके सांगितले : रक्तस्राव, पक्षाघात, ठोके मंदावणे. मी टिपून घेतले.

अक्का : "मांडीतून काळजात? लई लांबून वळसा झाला की मॅडम."
मॅडम : "आतून सरळ रस्ता आहे, आजी."
अक्का : "मंग ठीक. मधू, तू बघितलंस ना नीट? तू बघितलंस म्हंजे झालं."

मॅडम मला दारापर्यंत सोडताना म्हणाल्या, जुना अहवाल कुठे असेल तर शोधा, आजार किती वेगाने वाढला ते कळेल. मी म्हणालो, "शोधतो." अहवाल त्या क्षणी माझ्या बॅगेत होता.

कालचे राहिलेले. ऑक्टोबरात अक्काचा फोन आला होता. "मधू, जिना चढताना दम लागतो रे. शिलाईच्या मशीनवर बसून बसून अंग जड झालंय का काय." मी म्हणालो, "वय झालं अक्का. रोज सकाळी चालत जा. स्टेशनचा पूल चढून पलीकडे जा, परत ये."

तो अहवाल त्या क्षणी आठवला नव्हता, असे लिहावेसे वाटते. आठवला होता.

१५ फेब्रु.

अक्काचे आधार कार्ड आणि लुगडी आणावयास लासूर स्टेशनला गेलो. हमीदभाई किल्ली घेऊन सोबत आले. पैशाची सोय झाली का, असे त्यांनी चाचरत विचारले. झाली आहे, ती काळजी नको, असे सांगितले.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर नवी दिनदर्शिका. प्रत्येक तारखेच्या चौकोनात खडूची निळी खूण. कापडावर आखायचा शिंप्याचा खडू. १० फेब्रुवारीचा चौकोन रिकामा. खिळ्यामागे गेल्या वर्षीची दिनदर्शिका गुंडाळून ठेवलेली. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर खुणा. एकही दिवस सुटलेला नाही. दिवाळीचेही नाहीत.

हमीदभाई : "रोज पूल चढून आली की एक खूण. वो आपको दिखानेके वास्ते रखी ना. बोल्या मैं, अक्का, थंडी लई हे, आज बैठो. पुलाच्या मध्यात कठड्याला धरून उभी राहायची, तोंड कसं पांढरं पडायचं! तर म्हणे, 'मधूनं सांगितलंय.' बस. मधूनं सांगितलंय, म्हणजे वहीत लिहिल्यागत."

ते पुढे म्हणाले, "भाई असावा तर असा. दूर राहून बी ध्यान ठेवतो."

पुलावर गेलो. पायऱ्या मोजल्या, चढून बेचाळीस. वरच्या पायरीवर थांबलो. मलाही दम लागला होता, पण माझा थोड्या वेळाने बसला.

दोन्ही दिनदर्शिका घेऊन आलो. सुनंदाने विचारले, "अहो, हे काय आणलंत?" म्हणालो, "अक्काने मागितल्या." आणखी एक असत्य. अलीकडे ती सहज निघतात.

१७ फेब्रु.

सीटी स्कॅनवरून झडपेचे माप निघाले. मॅडमनी सांगितले की नवी झडप धातूच्या जाळीत शिवलेली असते, आणि शिवलेला पडदा गाईच्या हृदयावरील आवरणापासून केलेला.

बाहेर येताच सुनंदा म्हणाली, "वन्संना हे सांगू नका हं. आयुष्यभर गुरुवारी गाईला घास देतात त्या. नाहीच म्हणतील. तुम्ही नुसतं 'परदेशी झडप' म्हणा." तिचा हेतू चांगला होता. जूनमध्ये माझाही चांगलाच होता, असे मी स्वतःला आठ महिने सांगत आलो.

दु. ४ ला अक्काला सांगितले. मॅडमसमोर, स्पष्ट शब्दांत.

ती बराच वेळ पदराशी चाळा करीत राहिली. मग : "शिवलेली असती म्हनता? हातानं का मशीनवर?"
मॅडम : "हातानं, आजी. फार बारीक टाके."
अक्का : "कोन शिवतं?"
मॅडम : "बहुतेक बायकाच."
अक्का : "मंग चांगलीच असंल." मग, "दूध प्याले तिचं, शेणानं घर सारवलं. आता हे बी घेते. तिचे उपकार काय, फिटनार थोडेच."

नंतर मॅडमकडे वळून, माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "हे बघा, बायकू नको म्हनली आसंल त्याला, तरी सांगितलं त्यानं. माझ्यापासून काय बी लपवत नाय तो. लहानपनी साखर चोरली तरी येऊन सांगायचा."

संमतीपत्रावर तिने स्वतः सही केली. साक्षीदाराच्या जागी माझी. माझी सही नेहमीसारखी आली नाही; लिपिकाने पुन्हा करावयास सांगितली.

१८ फेब्रु.

स. ९.१५. मॅडमच्या खोलीत एकटा गेलो. जूनचा अहवाल टेबलावर ठेवला. म्हणालो, "हा माझ्याकडे होता. पहिल्या दिवशी मी खोटे बोललो." चालण्याचा सल्लाही सांगितला.

त्यांनी तारीख पाहिली, आकडे पाहिले. रागावल्या नाहीत, मी तशी तयारी करून गेलो होतो. म्हणाल्या, "तेव्हा आला असतात तर बहुधा हेच करायचं ठरलं असतं. फक्त घाईत नाही. आणि त्या पुलावर डोकं आपटलं असतं किंवा ठोका पुन्हा सुरू झालाच नसता, तर आपण आज बोलत नसतो. त्या वाचल्या हे तुमचं कर्तृत्व नाही आणि माझंही नाही."

मग : "त्यांना माहीत आहे?"
"नाही."
"तुम्ही सांगा. मी आपणहून सांगणार नाही. पण त्यांनी मला विचारलं तर मी 'सगळं ठीक होतं' म्हणणार नाही."

प्रक्रियेच्या आधी की नंतर, ते त्यांनी माझ्यावर सोडले. आधी सांगावे तर माझे ओझे उतरून तिच्या छातीवर जाईल, तेही अशा छातीवर. नंतर सांगावे तर तो 'नंतर' कोणता, हे मला माझ्या दैनंदिनीवरून ठाऊक आहे.

सायंकाळी कचेरीची दैनंदिनी लिहिताना हाताने आपोआप लिहिले : अक्काला सांगणे →

बाण काढून झाल्यावर लक्षात आले. खोडला नाही. खाडाखोड न करण्याचाही माझा नियम आहे.

२० फेब्रु.

स. ७.३० आत नेले. जाताना अक्का सुनंदाला : "भाकरीचं पीठ सैल भिजवत जा गं, त्याला कडक चावत नाय आता." मला : "तू बसून राहू नको, कामावर जा. मी काय पळून जात नाय."

स. ७.३० ते ९.५० बाकावर. हमीदभाई पहिल्या गाडीने आले, दुवा करीत शेजारी बसले. मी मनात एक वाक्य तयार करीत होतो, ती न परतल्यास ते कोणाला सांगावयाचे होते ते ठाऊक नाही.

९.५० मॅडम बाहेर. झडप बसली. गळती नाही. मात्र ठोके मंदावले आहेत. तात्पुरता पेसमेकर लावला आहे, दोन दिवस पाहू.

११.१५ दोन मिनिटे भेट. पूर्ण भूल दिली नव्हती. "सगळं ऐकत हुते मी. मांडीत जरा ओढल्यागत झालं. मंग एकदम वाटलं, कुनीतरी खिडकी उघडली."

बाहेर येऊन रडलो. रुमाल घरी राहिला होता. हमीदभाईंनी दिला.

२२ फेब्रु.

ठोके सावरले. तात्पुरता पेसमेकर काढला. कायमचा लागणार नाही, असे आज तरी मत.

दु. १२. अक्काला व्हरांड्यात चालविले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. मला वाटले थांबेल. थांबली नाही. "दम नाय रे मधू! बघ की!" दोन परिचारिका हसल्या. मग : "हमीदभाई म्हनत हुते, कॅलेंडर आनलंस तू घरून. ह्याची बी खून करायची."

खाटेवर बसल्यावर स्वतःहून म्हणाली, "तुला सांगते, लई विचार केला मी पडल्या पडल्या. तू चाल म्हनला नसतास तर मी पुलावर गेले नसते. गेले नसते तर पडले नसते. पडले नसते तर ह्ये कधी कळलंच नसतं, झोपेतच गेले असते. देवानं तुझ्या तोंडून सांगितलं बघ."

मी म्हणालो, "अक्का, तसं नाही."
"मंग कसं?"

खाली वाकून तिची चप्पल सरळ केली. म्हणालो, "जेवण थंड होतंय."

बाण काढला नाही आज. काढावयाची गरज नव्हती.

२५ फेब्रुवारी २०२५

काल घरी आणले. दहा दिवस आमच्याकडेच राहील. चहा झाल्यावर चष्मा पुसत म्हणाली, "सगळे कागद आन. सातवी शिकलेय मी, पर इंग्रजी येत नाय. तू वाच आन् मला सांग, मला काय काय झालतं. पहिल्या कागदापासनं. पुढं हमीदभाईला, बायांना सांगाया पायजे, नायतर तेबी असेच दम लागला म्हनून चालत बसतील."

सुनंदा म्हणाली, "आज राहू द्या की वन्सं, उद्या वाचतील ते." मी सुनंदाकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले, आणि मला वाटते तिला कळले. कप्प्यांची साफसफाई तीही करते. किती दिवसांपासून ठाऊक आहे, हे विचारण्याचे धाडस झाले नाही.

फाइल लावून घेतली. तारखेच्या क्रमाने, कारण मला दुसऱ्या क्रमाने लावता येत नाही. सर्वांत वर १४ जून २०२४. त्याखाली १० फेब्रुवारी. दोहोंच्या मध्ये कोणताही कागद नाही. म्हणून तिच्या दोन दिनदर्शिका घडी करून तिथे ठेवल्या आहेत.

स. १०.४०. ती बाहेरच्या खोलीत पाय लांब करून बसली आहे. दोनदा हाक मारून झाली. आता तिसरी. "मधू, ये की रे. पहिला कागद कुठला?"

इथवर लिहिलेले खरे आहे.

मधुकर रंगनाथ सोनवणे
छत्रपती संभाजीनगर
२५ फेब्रुवारी २०२५