कार्डावरचा पासवर्ड

तळेगाव (श्यामजी पंत),
ता. १४ नोव्हेंबर २००५

ती. सौ. मंदाताईस,
बापूचा सा. न. वि. वि.

तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळवजो. मागं नालवाडीले आलतो तवा जिना उतरताना तू कठडा सोडत नव्हती, ते माझ्या ध्यानात आहे. थंडी पडली, आता भाऊजींचा खोकला काय म्हणते? तुझ्या धीरजचं पित्त बंगलोरच्या आंबट खाण्यानं वाढलं तर नाई ना? इकडे रुख्मिणीचा खांदा पहिल्यापेक्षा बरा आहे. मी ठीक. दिपाली तब्येतीनं बरी आहे, पण ताटावरून लवकर उठून राह्यली.

फोनच करणार होतो. पण आपला फोन दुकानात. मी हॅलो म्हटलं का बियाणं घ्याले आलेला माणूस थैली खाली ठेवून आयकत बसतो. म्हणून पत्र.

गोष्ट अशी झाली. दिपालीची नागपूरची सोयरीक पक्की झाल्यासारखीच होती, मुलगी पाहाले ते आले तवा तू हजरच होती. फक्त साक्षगंधाची तारीख काढाची राह्यलती. परवा मुलाचे वडील रूपरावजी यांचा फोन आला. म्हणाले, तुमचा ई-मेल पोचला, तुमची इच्छा नाई तर आमचाही आग्रह नाई. मी विचारलं, कोणता ई-मेल. तर म्हणाले का तुमच्याच पत्त्यावरून आला, खाली तुमचंच नाव आहे. ताई, मी असा काही मेल पाठवला नाई. मले नुसता वाचाचा असला तरी कॅफेत दिपालीले संगं न्या लागते. आता नागपूरवाल्यांना वाटून राह्यलं का आम्ही शब्द फिरवला, आणि गावात विचारणारे विचारून राह्यले.

तू कंप्युटर आपला आपण शिकली, म्हणून तुलेच विचारतो, हे झालं कसं आणि आता करावं काय. दुकानाचं नवीन कार्ड संगं पाठवतो, भाऊजींना दाखवजो. दिवाळीत छापले. पत्ता, पिनकोड, फोन, ई-मेल आणि त्याचा पासवर्ड, सारं काही टाकून घेतलं, म्हणजे कोणाचा मेल रस्त्यात भटकणार नाई. बाजाराच्या दिवशी भरपूर वाटले.

भाऊजींना नमस्कार. धाकट्यावर आहे ती माया तशीच राहू दे, आणि उत्तर धाडाले उशीर करू नको.

तुझा,
बापूराव

*

नालवाडी, वर्धा,
ता. १८ नोव्हेंबर २००५

चि. बापूस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र आणि कार्ड पोचलं. माझे गुडघे थंडीत कुरकुरतात, पण चालतात. धीरज बरा आहे. तुझ्या भाऊजींना कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि इतके हसले की खोकायचंसुद्धा विसरले. म्हणाले, सालेसाहेबांनी घराचा नंबर छापला आणि खाली किल्लीही चिकटवून दिली.

अरे, पासवर्ड म्हणजे पिनकोड नव्हे. ई-मेलचा पत्ता हा तुझ्या दाराचा नंबर, तो साऱ्या जगाला सांग. पासवर्ड ही कुलपाची किल्ली. मेल नुसत्या पत्त्यावर पोचतो, किल्ली फक्त आत शिरायला लागते. ज्याच्या ज्याच्या हातात तुझं कार्ड आहे, तो कोणत्याही कॅफेत बसून तुझी पत्रं वाचू शकतो, आणि तुझ्या नावानं लिहूही शकतो. आणि पासवर्ड तरी काय, रेणुका. कुलदैवत तर कार्ड नसलेल्यालाही ठाऊक असतं.

आता घाबरून बसू नको. मी शिवणयंत्र शिकले तशीच कंप्युटर शिकले, टीप चुकली की उसवायची आणि पुन्हा घालायची. तुझंही उसवता येईल. आजच कॅफेत जा आणि पासवर्ड बदल. नवा चांगला लांब ठेव, मधे आकडे घाल, आणि त्यात देव, गाव, पोरंबाळं कुणी नको. पासवर्ड विसरला तर विचारायचा म्हणून एक गुप्त प्रश्न असतो, तोही पाहून घे. तिथं जन्मगाव लिहिलं असेल तर ते अख्ख्या तळेगावला पाठ आहे. पहिल्या पानावर, मला लक्षात ठेव अशा अर्थाचा इंग्रजीत एक चौकोन असतो, त्यात खूण राहू देऊ नको. नाहीतर तू उठलास की मागून बसणाऱ्याला तुझं खातं आयतंच उघडं मिळतं. काम झालं की साइन आउट दाबजो, नुसती खिडकी बंद करून उठू नको. आणि एक रीत आजपासून धर. कुणी पासवर्ड टाकत असेल तर बाकीच्यांनी तोंड फिरवायचं. बाई लुगडं बदलत असली की आपण फिरवतो ना, तसं.

पाठवलेल्या मेलचा एक वेगळा खण असतो, सेंट नावाचा. त्यात तो नागपूरचा मेल सापडेल. त्याची छापील प्रत काढून मला धाड. ती वाचल्याशिवाय कुणावर बोट दाखवू नको. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून लिहिते.

रुख्मिणीच्या खांद्याला शेक चालू ठेवा. दिपाली ताटावरून काऊन उठते ते विचारलंस का? ताईवरचा राग पत्रातच काढ, बाजारात नको.

तुझी,
मंदाताई

*

तळेगाव,
ता. २४ नोव्हेंबर २००५

ती. सौ. मंदाताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितलं तसं केलं. दिपालीले घेऊन गेलतो, पासवर्ड बदलला, त्या चौकोनातली खूणही काढली. तुले एक सांगतो, कार्ड छापून आले तवाच पोरगी म्हणाली होती का बाबा, पासवर्ड कोणी छापत नाई. मी तिले म्हटलं, मले शिकवते का. आता तोंड लपवतो.

मेलची प्रत संगं आहे. वाचून तुलेही कळेल का हे काम घरोब्यातल्या माणसाचं आहे. माझ्या मनात एकच नाव आलं, समोरचा बियाणेवाला भैय्याजी. त्याच्या पुतणीले याच नागपूरवाल्यांनी आधी पाह्यलं होतं आणि नापसंत केलं होतं. आणि पहिलं कार्ड मीच त्याच्या हातात दिलं होतं, मोठ्या दिमाखानं. तुझं पत्र खिशातच होतं, ताई, पण बाजाराच्या दिवशी तो समोर दिसला आणि माझ्यानं राहवलं नाई. चार माणसात त्याले म्हटलं, पोरीचा संसार मांडाच्या आधी मोडून तुले काय मिळालं. त्यानं शटर अर्धं ओढलं आणि आत जाऊन बसला. तवापासून त्याच्या घरचं कोणी आपल्याकडं पाहत नाई. रुख्मिणी आणि त्याची बायको एका विहिरीवर पाणी भरत आल्या, त्याही आता वेगवेगळ्या वेळेले जातात.

एक गोष्ट मात्र चांगली झाली. रूपरावजींना मी सारी हकीकत सांगितली. ते म्हणाले, मेल खोटा असेल तर आमच्या मनात काही नाई. येत्या चार डिसेंबरले साक्षगंध करून टाकू. तुम्ही दोघं आदल्या दिवशीच या. दिपालीले सांगितलं तर ती उठून आपल्या रोपवाटिकेत रोपं पाहाले गेली. लाजली असेल.

भाऊजींना नमस्कार. चूक पोटात घालून उत्तर टाकजो.

तुझा,
बापूराव

*

नालवाडी,
ता. २७ नोव्हेंबर २००५

चि. दिपालीस,
आत्याचे अ. उ. आ. वि. वि.

हे पाकीट तुझ्या एकटीच्या नावानं टाकते आहे. तुझ्या बाबांना वेगळं पोस्टकार्ड लिहून बजावलं आहे की दिपालीचं पाकीट दिपालीच फोडेल.

तो मेल मी वाचला. वैरानं दुसऱ्याच्या खात्यात शिरणारा माणूस तिथं घाण करून जातो. मुलीला नावं ठेवतो, मुलाकडच्यांना टोचून बोलतो. इथं तर चोर घरात शिरला, अंगण झाडलं, सांजेचा दिवा लावला आणि निघून गेला. कुणाबद्दल एक वाकडा शब्द नाही. लिहिलं काय, तर आमची मुलगी आपली रोपवाटिका सोडून येणार नाही, हाताची माती तिला जड वाटत नाही, तुमचा मुलगा चांगला आहे, त्याला मनासारखी मुलगी मिळो.

हाताची माती. मुलाच्या आईनं तुझ्या नखांकडे पाहून ते म्हटलं, की नागपूरच्या फ्लॅटात ही माती चालायची नाही, तेव्हा आपल्याकडच्या आपण तिघीच स्वैपाकघरात होतो. तू मान खाली घालून कप विसळत होतीस. तुझे बाबा बैठकीत होते आणि भैय्याजी त्याच्या दुकानात. तुझ्या आईला माऊस धरता येत नाही. पुढचं मी लिहीत नाही.

तुझ्या बाबांनाही मी लिहिणार नाही. ते तुझं पाकीट फोडल्यासारखं होईल. पण तू गप्प राहिलीस तर चार तारखेला तुला त्या पाटावर बसावं लागेल, आणि भैय्याजीचं शटर अर्धंच राहील. त्या माणसानं तुझं काय केलं?

म्हणणं तुझं बरोबर होतं. खाली नाव तेवढं तुझं हवं होतं. पण तुझ्या नावाचं खातंच नव्हतं, हीही आमची चूक. साऱ्या घराला एक खातं आणि एक किल्ली, मग ज्याला मोकळं बोलायचं त्यानं जावं कुठं? तू नवं खातं उघड. पासवर्ड असा ठेव की फक्त तुलाच आठवेल, तुझ्या वाफ्यातलंच काहीतरी. तो मलाही सांगू नको, मी प्रेमानं विचारला तरी.

बाबांशी बोलायला जीभ वळली नाही तर फोन कर. पहिल्या बसनं येते, गुडघ्यांसकट. उत्तर पत्रानं दिलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
आत्या

*

तळेगाव,
ता. ५ डिसेंबर २००५

ती. सौ. मंदाताईस,
सा. न. वि. वि.

काल साक्षगंध झालं नाई, हे तुले फोनवर कळलंच आहे. बाकीचं दुकानातून बोलता आलं नाई.

दिपालीनं मले रोपांच्या वाफ्यापाशी बोलावलं आणि सांगितलं. हात मिरचीच्या रोपात, मान खाली. मी खूप तापलो. म्हटलं, मले काऊन नाई सांगितलं. तर म्हणाली, नागपूरले जाचं नाई हे सांगितलं होतं बाबा, तुम्ही म्हटलं का सगळ्या पोरी असंच म्हणतात. ते मी म्हटलं होतं, ताई. दिवसभर जेवण गेलं नाई. रुख्मिणीनं ताट झाकून ठेवलं आणि एवढंच म्हटलं का मातीबद्दल ती बाई बोलली तवा मीही गप्प राह्यली.

मग मी रूपरावजींना फोन करून नाई म्हटलं, माझ्या तोंडानं. ते नाराज झाले, होणारच.

भैय्याजीचं बोलणं मात्र फोनवर उरकण्यासारखं नव्हतं. चार माणसात ओरडलो होतो, तर माफीही चार माणसात मागा लागते. बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानात गेलो आणि सांगितलं का चूक माझी, मेल आमच्या घरातूनच गेलता. त्यानं बराच वेळ तराजू पुसला. मग म्हणाला, तुझ्या कार्डावर ते खाली छापलेलं कशाले लागते हेच मले ठाऊक नाई, तर मी मेल कसा करू. आणि गल्ल्यातून आपलं स्वतःचं नवं कार्ड काढून माझ्यापुढं टाकलं. ताई, माझं कार्ड पाहून त्यानं तस्संच छापून घेतलं होतं. पत्ता, पिनकोड, ई-मेल आणि पासवर्ड. म्हणाला, तू टाकलं तर मी काऊन मागं राहू.

मले हसू आवरलं नाई, मग त्यालेही. चहा मागवला आणि दोघंही काळ्या पेनानं आपापले पासवर्ड खोडत बसलो. बायका पुन्हा विहिरीवर संगंच जातात.

आज दिपाली आम्हा दोघांना कॅफेत घेऊन गेली. भैय्याजीले पासवर्ड बदलाले शिकवलं, तवा मी तोंड भिंतीकडं केलं. मग तिनं आपल्या नावाचं खातं उघडलं आणि भैय्याजी अन् मी दोघंही भिंतीकडं पाहत उभे राह्यलो. तिथं एका खत कंपनीचं जुनं कॅलेंडर आहे. भैय्याजी हळूच म्हणाला का यावरची भेंडी काही बरोबर काढली नाई. मागं कीबोर्डच्या किल्ल्यांचा आवाज बराच वेळ चालू होता. पासवर्ड एवढा लांब नसतो, तेवढं मलेही आता कळते. पोरगी कोणाले तरी काही लिहून राह्यली होती. नागपूरले असेल, धीरजले असेल, तुले असेल.

मी विचारलं नाई. तिनं झालं म्हणेपर्यंत मागं वळलोही नाई.

गुडघ्यांना तेल लावत जाजो. भाऊजींना सांग का सालेसाहेबांनी किल्ली परत खिशात टाकली. रागावली नसशील तर लवकर दोन ओळी टाक, आणि दिपालीचं पाकीट वेगळं धाडजो.

तुझा,
बापूराव