काटोलकडचा दिवा

६ फेब्रुवारी १९८४
उमरेडचा हातमाग सुटला आणि नागपुरात खुर्ची मिळाली. चौकात नवा स्वयंचलित सिग्नल बसलाय. डांबराखाली तारा पुरल्यात. वर लोखंडाचं काही येऊन थांबलं की माझ्यासमोरच्या फळीवर त्या रस्त्याचा दिवा लागतो, यंत्र त्याला वाट देतं, पुढच्या चौकालाही कळवतं. गाडी गेली की दिवा विझतो. मी वर काचेच्या खोलीत बसून नुसतं पाहायचं. प्रेमलता म्हणते, फुकटचे साहेब झाले. लग्नाला अजून वर्ष नाही. ती बालवाडीत शिकवते. दुपारी सायकलनं चौकात येते, मान वर करते, मी हात करतो, मग जाते. भारी मजेची नोकरी आहे.

९ फेब्रुवारी
काटोलकडच्या दिव्यानं डोकं खाल्लंय. भर दुपारी लागतो आणि विझायचं नाव घेत नाही. तिकडे काळं कुत्रंही नसतं. हिरवा तिथंच अडकतो, बाकीचे हॉर्न वाजवून माझा उद्धार करतात. तार उकरून तपासली, ठणठणीत. प्रेमलता आली, मी हात केला आणि दिवा विझला. तूच खरी मेकॅनिक, असं म्हटलं तर लाजली.

१४ फेब्रुवारी
आज हसू येत नाही. मी हात केला, दिवा विझला आणि प्रेमलतेच्या पुढचा सायकलवाला चौकात आडवा झाला. त्याला कोणीही धडकलं नाही, मी पाहत होतो. सायकल चपटी झाली. त्याच्या मांडीवर चाक गेल्यासारखा वळ होता. प्रेमलता जेमतेम हातभर मागे होती.

१९ फेब्रुवारी, रविवार
यंत्राआधी इथं चंपतराव हवालदार हातानं गाड्या सोडायचे. निवृत्त होऊन पारशिवनीला राहतात. जाऊन भेटलो. सांगत होते, काटोलहून संत्र्याची बैलबंडी आली होती, त्यांनी हात केला, आडवा ट्रक त्यांना दिसलाच नाही. गाडीवान जागीच गेला. तेव्हापासून रोज दुपारी ते आधी चारही बाजू थांबवायचे, मगच रिकाम्या रस्त्याकडे हात करायचे. "त्याले दिवे समजत नाही गा. तो हाताचीच वाट पायते."
बंडीच्या लाकडी चाकाला लोखंडाची धाव, म्हणजे पट्टी, बसवलेली असते, हे मला परतीच्या बसमध्ये आठवलं. भीती वाटली.

२० फेब्रुवारी
चारही बाजू एकदम थांबवायचं बटण या यंत्रात नाही. साहेबांकडे हवालदार मागितला. ते हसले, मग यंत्र कशाला बसवलं म्हणाले. प्रेमलतेला सांगितलं, दुसऱ्या रस्त्यानं जा. तिनं विचारलं, काहून. मी म्हटलं, जा म्हटलं ना. ती रुसली.

२२ फेब्रुवारी
दिवा विझतच नाही. हात खिशात ठेवतो. तो थांबलाय —

२३ फेब्रुवारी, दुपार
ती आली. मुद्दाम. चौकाच्या मधोमध सायकलवरून उतरून वर पाहतेय. मी हात केल्याशिवाय हलणार नाही.
ओरडलो. काचेतून ऐकू जात नाही. जा म्हणून खुणावलं तरी तो हातच — खाली धावलो तर मला पाहून तीच हात करेल —
दोन्ही हात वहीवर. लिहीत राहायचं. हात उचलायचा नाही. प्रेमा, जा वं. रागाव माझ्यावर, शिव्या दे, पण जा.
हसतेय. रुसवा गेला. तिनंच हात वर —
दिवा विझ